सी भाषेतील कॉन्फिगरेशन फाइल पार्सर : आठ पातळ्या खोल गेलेले इफ कसे सोडवावेत?

प्रश्न : लॉगर_कळमना

नमस्कार. परसोडीच्या आयटी पार्कमधील एका लहान कंपनीत मी काम करतो. कळमना भागातील शीतगृहांमध्ये तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी यंत्रे आम्ही बसवतो. यंत्रात एआरएम प्रोसेसरवर ३२ बिटचे लिनक्स चालते आणि सुरू होताना ते एक साधी मजकूर फाइल वाचते. तिच्यात चौकटी कंसात सेक्शनचे नाव आणि त्याखाली की, बरोबरचे चिन्ह आणि व्हॅल्यू अशा ओळी असतात. संत्र्याच्या खोलीची किमान-कमाल मर्यादा, अलार्म किती मिनिटांनी वाजवायचा, दिवसाचा अहवाल किती वाजता पाठवायचा, असे सगळे त्यातच असते.

ही फाइल वाचून तिचा अर्थ लावणारे फंक्शन, म्हणजे पार्सर, चारशेहून अधिक ओळींचे झाले आहे. मूळ कोड कंपनीचा असल्यामुळे तो इथे देता येत नाही, म्हणून त्याचा सांगाडा मराठीत लिहून देतो :

लूप : ओळ वाच
— जर ओळ रिकामी नसेल
— — जर पहिले अक्षर # नसेल
— — — जर पहिले अक्षर [ असेल
— — — — जर ] सापडला
— — — — — जर नाव "सेन्सर" असेल, चालू सेक्शन = सेन्सर
— — — — — नाहीतर जर नाव "अलार्म" असेल, चालू सेक्शन = अलार्म
— — — नाहीतर
— — — — जर = सापडले
— — — — — जर चालू सेक्शन सेन्सर असेल
— — — — — — जर की "कमाल" असेल
— — — — — — — जर व्हॅल्यू आकडा असेल
— — — — — — — — जर आकडा मर्यादेत असेल, साठव

पुढे प्रत्येक की साठी शेवटच्या तीन पातळ्या पुन्हा पुन्हा येतात. नवी की घालायची म्हटली की कोणता महिरपी कंस कुठे बंद होतो हे शोधण्यातच वेळ जातो. बाहेरची लायब्ररी घेण्याची मुभा नाही. शिवाय आमच्या वरिष्ठांचा आग्रह असा आहे की फंक्शनमध्ये रिटर्न, म्हणजे बाहेर पडण्याची वाट, एकच आणि तीही शेवटी असावी. या चौकटीत राहून हा गुंता कसा सोडवावा, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : जुना_फर्मवेअरवाला

आपण दिलेला सांगाडा नीट वाचला. इंडेंटेशन उजवीकडे सरकत गेले ही दिसणारी अडचण आहे. खरी अडचण अशी की या आठ अटींपैकी जवळजवळ एकीलाही "नाहीतर" नाही. ओळीत बरोबरचे चिन्ह नसेल तर काय होते? काहीच होत नाही. "कमाल"च्या जागी कोणी "कामाल" लिहिले तर? तरीही काही होत नाही. आकडा मर्यादेबाहेर असेल तर जुनीच व्हॅल्यू राहते आणि पार्सर ताकास तूर लागू देत नाही. शीतगृहाच्या व्यवस्थापकाला वाटते की आपण ७ अंश लिहिले आहेत, यंत्र मात्र कारखान्यातून आलेल्या मर्यादेवर चालत राहते.

म्हणून सुरुवात अटी उलट्या करण्यापासून करा. "ओळ रिकामी नसेल तर आत जा" याऐवजी "ओळ रिकामी असेल तर पुढच्या ओळीकडे जा" असे लिहा, म्हणजे इफ आणि कंटिन्यू. # साठी तसेच. [ ने सुरू होणारी ओळ असेल तर ती सेक्शनच्या फंक्शनकडे द्या आणि कंटिन्यू करा. = सापडले नाही तर ओळ क्रमांकासह तक्रार नोंदवा आणि कंटिन्यू करा. एवढे केल्यावर लूपच्या आत सगळे एकाच पातळीवर येते आणि नकाराची प्रत्येक वाट डोळ्यांसमोर उभी राहते. ती वाट दिसली की तिथे काय करायचे हे ठरवावेच लागते, आणि माझ्या मते इंडेंटेशन कमी होण्यापेक्षा हा लाभ मोठा आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखनशैलीत टॅब आठ अक्षरांचा ठेवून तीनपेक्षा जास्त पातळ्या लागत असतील तर कोडच दुरुस्त करा असे बजावले आहे, त्यामागेही हाच विचार असावा.

दुसरी गोष्ट या सांगाड्यातच दडलेली आहे. समजा फाइलमध्ये आधी सेन्सर सेक्शन आहे आणि त्यानंतर कोणीतरी अलार्मऐवजी "आलार्म" असे लिहिले. तुमच्या कोडमध्ये हे नाव कशाशीच जुळत नाही, त्यामुळे चालू सेक्शन बदलत नाही, तो सेन्सरच राहतो. मग खालची "कमाल = ३०" ही ओळ, जी अलार्मच्या मिनिटांसाठी होती, ती थेट सेन्सरच्या कमाल तापमानावर जाऊन बसते. चूक सेक्शनच्या नावात आणि बिघाड तापमानाच्या मर्यादेत, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. यावर उपाय सोपा आहे. चालू सेक्शनच्या इनममध्ये (ठरावीक नावांच्या किमतींच्या यादीत) "अनोळखी" अशी एक किंमत ठेवा, [ दिसताच आधी तीच लावा, आणि नाव ओळखता आले तरच ती बदला. अनोळखी सेक्शनमधल्या सगळ्या ओळी मग एका ठिकाणी, एका तक्रारीसह सोडून देता येतात.

तिसरे म्हणजे "व्हॅल्यू आकडा आहे का, मर्यादेत आहे का" हे वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. त्याला मजकूर, किमान, कमाल आणि उत्तर ठेवण्याचा पत्ता द्या; जमले की नाही एवढेच त्याने सांगावे. मजकुराचा आकडा करणाऱ्या सी च्या दोन तयार फंक्शनांपैकी आत स्ट्रटोल वापरा, एटोआय नको, कारण एटोआय "शून्य लिहिले होते" आणि "आकडाच नव्हता" यांत फरक करत नाही, आणि आकडा मावेनासा झाला तर काय करायचे हे सी च्या मानकाने त्याच्याबाबत ठरवलेलेच नाही. स्ट्रटोलच्या आधी एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल) शून्य करा. नंतर तो शून्य उरला नसेल, एकही अंक वाचला गेला नसेल, किंवा शेवटचा पॉइंटर (वाचन जिथे थांबले तो पत्ता) ओळीच्या टोकाला पोहोचला नसेल, तर नकार द्या. पाया १० च द्या, ० देऊ नका. पाया ० दिला की सुरुवातीचे शून्य अष्टमान पद्धतीची खूण ठरते, आणि अहवालाची वेळ कोणी "०८" अशी लिहिली तर स्ट्रटोल फक्त ० वाचून ८ पाशी थांबतो. टोकाचा पॉइंटर न तपासणाऱ्या कोडमध्ये सकाळी आठचा अहवाल मध्यरात्री निघतो. ही सगळी काळजी आज प्रत्येक की साठी वेगळी घ्यावी लागत असेल आणि कुठेतरी राहूनही गेली असेल. फंक्शन एक झाले की ती एकदाच घ्यावी लागेल.

उत्तर : सीताबर्डी_बिट्स

एकच रिटर्न या आग्रहाबद्दल थोडे. ही अट बहुधा वाहन उद्योगातून आलेल्या मिस्रा सी नियमांमधून आपल्याकडे रुजली आहे. २०१२ च्या आवृत्तीत तो नियम १५.५ आहे आणि त्याचा दर्जा सल्ल्याचा आहे, सक्तीचा नाही. २००४ च्या आवृत्तीत कंटिन्यू वापरण्यावर बंदी होती. २०१२ मध्ये ती उरली नाही. तेव्हा वरच्या उत्तरातला कंटिन्यूचा मार्ग वरिष्ठांनाही मान्य व्हायला हरकत नसावी, कारण लूपमध्ये दहा कंटिन्यू असले तरी फंक्शनचा रिटर्न एकच राहतो.

एकाच रिटर्नमागची खरी भीती अशी असते की मधूनच बाहेर पडताना उघडलेली फाइल बंद करायची राहील. ती भीती रास्त आहे, पण त्यासाठी गोटूसुद्धा (थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारण्याची आज्ञा) लागत नाही. एका फंक्शनने फाइल उघडावी, दुसऱ्याला फाइलचा पॉइंटर द्यावा, त्याचे उत्तर घ्यावे, फाइल बंद करावी आणि ते उत्तर परत द्यावे. दुसऱ्या फंक्शनने आत वाटेल तितक्या ठिकाणांहून रिटर्न केले तरी फाइल बंद होणारच. मेमरी, सॉकेट, फाइल अशी तीन-चार साधने एकाच फंक्शनमध्ये धरावी लागली तर मात्र शेवटी एक लेबल ठेवून गोटूने तिथे जाणे ही कर्नलमध्येही रुळलेली पद्धत आहे. ती वापरताना एका ओळीच्या इफलाही महिरपी कंस द्या. २०१४ मध्ये ॲपलच्या टीएलएस (इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये गोटूची एक ओळ चुकून दोनदा आली, दुसरी ओळ इफच्या बाहेर पडली आणि पुढची सहीची तपासणीच वगळली गेली. कंस असते तर ती ओळ बहुधा निरुपद्रवी ठरली असती.

उत्तर : मिहान_लिनक्स

वरची दोन्ही उत्तरे पटली, पण तिथेच थांबलात तर "की अमुक असेल तर" ही लांबलचक साखळी तशीच राहील. तिला टेबल हा उपाय आहे. स्ट्रक्चरचा (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या नोंदीचा) एक स्थिर अॅरे, म्हणजे यादी, करा. प्रत्येक नोंदीत सेक्शन, कीचे नाव, प्रकार, किमान, कमाल आणि व्हॅल्यू जिथे साठवायची त्या फील्डचे कॉन्फिगरेशन स्ट्रक्चरमधील अंतर ठेवा. हे अंतर ऑफसेटऑफ या मॅक्रोने कंपाइलरच काढून देतो. मग पार्सरला "कमाल" किंवा "आर्द्रता" यांच्याशी देणेघेणे उरत नाही. तो टेबलात नोंद शोधतो, प्रकाराप्रमाणे व्हॅल्यू वाचतो आणि जागेवर ठेवतो. नवी की म्हणजे टेबलात एक नवी ओळ. ज्यांना सी फारसे येत नाही असे क्षेत्रावर काम करणारे सहकारीही ते टेबल वाचून कोणत्या कीची मर्यादा किती हे सांगू शकतात.

हा प्रकार मोठ्या प्रकल्पांत जुनाच आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक मॉड्यूल आपल्या निर्देशांचे असे टेबल देते, ज्यात नाव, ती ओळ कुठे चालेल याची खूण, व्हॅल्यू बसवणारे फंक्शन आणि स्ट्रक्चरमधील अंतर असते. आकडा, चालू-बंद, मजकूर यांसाठी तयार फंक्शने असतात. दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये टेबल कीचे नाव एका क्रमांकात बदलते आणि पुढे एक मोठा स्विच आहे. रेडिस या डेटाबेसचे उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे आहे : तिथे स्ट्रिंगच्या तुलनांची लांब इफ-एल्स साखळी होती आणि आवृत्ती ६ मध्ये बहुतेक कॉन्फिगरेशन टेबलात गेले.

एक सावधगिरी मात्र हवी. ऑफसेटऑफने मिळालेला पत्ता कोणत्या प्रकारचा आहे हे कंपाइलर विसरतो. टेबलात "इंट" लिहिले आणि स्ट्रक्चरमधील फील्ड १६ बिटचे असले, तर चार बाइट लिहिताना शेजारच्या फील्डचे दोन बाइट पुसले जातात, आणि तेही एकही इशारा न येता. म्हणून नोंद मॅक्रोने बनवा आणि त्या मॅक्रोमध्येच फील्डचा आकार साइजऑफने घेऊन टेबलात ठेवा, म्हणजे लिहिण्याआधी तो पडताळता येतो. तुमचा कंपाइलर सी ११ मानकाचा असेल तर स्टॅटिक असर्ट ही तपासणी लावून ही चूक कंपाइल होतानाच पकडता येईल.

उत्तर : धरमपेठ_टर्मिनल

टेबलाला विरोध नाही, पण सरसकट सल्ला म्हणून तो मला जड वाटतो. एकूण की वीस-पंचवीस असतील आणि त्यातल्या निम्म्यांचे वागणे वेगळे असेल, तर टेबलात आधी प्रकार वाढतात, मग प्रत्येकासाठी खास फंक्शन पॉइंटर येतात, आणि शेवटी कोणती की कुठे हाताळली जाते हे शोधायला चार फाइली उघडाव्या लागतात. आगीतून फुफाट्यात.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचा कोड पाहा. तिथे कॉन्फिगरेशन हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये सरळ इफ आहेत : नाव जुळले, व्हॅल्यू ठेवली, शून्य रिटर्न केले, पुढचा इफ. साखळी लांब आहे, पण सपाट आहे आणि वरून खाली एका दमात वाचता येते. लांबी आणि खोली यांत फरक करायला हवा. चक्रीय गुंतागुंतीचे (कोडमधील वाटा मोजणारे) माप १९७६ मध्ये मांडले गेले, त्या मापाला हा फरक कळत नाही. एकामागून एक लिहिलेले दहा इफ आणि एकात एक घुसवलेले दहा इफ या दोघांनाही ते सारखेच गुण देते, वाचणाऱ्याला मात्र दुसरा प्रकार कितीतरी जड जातो. त्यामुळे आधी सपाट करा, महिनाभर तसेच चालवून पाहा, आणि पुनरावृत्ती खरोखर टोचत असेल तरच टेबलाकडे वळा.

लॉगर_कळमना (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. अनोळखी सेक्शनचा मुद्दा वाचून लगेच यंत्रावर करून पाहिले. वर वर्णन केल्याप्रमाणेच अलार्मची मिनिटे कमाल तापमानात जाऊन बसली. आमच्याकडे साधे आकडे आणि चालू-बंद अशाच की जास्त आहेत, त्यामुळे सपाट केल्यावर टेबलाकडे जाण्याचा विचार आहे. वरिष्ठांनी कंटिन्यूला होकार दिला आहे.

दोन शंका उरतात. किमान ही कमालपेक्षा कमी हवी ही अट आज "कमाल"च्या इफच्या आत आहे, त्यामुळे फाइलमध्ये कमाल आधी आणि किमान नंतर लिहिली तर ती चुकीच्या वेळी तपासली जाते. ही अट टेबलात कुठे बसवायची? दुसरे म्हणजे ग्राहकांकडे जुन्या फाइली आहेत. आजवर ज्या चुका पार्सर गुपचूप गिळत होता त्यांवर आता तो अडून बसला तर ऐन मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, एखाद्या शीतगृहातील नोंदणीच बंद पडेल. ते परवडणारे नाही.

उत्तर : जुना_फर्मवेअरवाला

ती अट टेबलात बसवूच नका. दोन किमतींमधील नाते हे एका ओळीचे काम नाही, त्यामुळे ओळ वाचणाऱ्या कोडमध्ये ते आले की खोली पुन्हा वाढायला लागते. पूर्ण फाइल वाचून झाल्यावर एकदाच चालणारे वेगळे पडताळणीचे फंक्शन ठेवा. त्याच्या हाती पूर्ण भरलेले स्ट्रक्चर असते, त्यामुळे ओळींचा क्रम काहीही असला तरी फरक पडत नाही. वाचन नेहमी तात्पुरत्या स्ट्रक्चरमध्ये करा, त्यात आधी मूळ किमती भरून ठेवा, आणि पडताळणी पार पडली तरच ते खऱ्या स्ट्रक्चरवर उतरवा. अर्धवट वाचलेले कॉन्फिगरेशन यंत्राच्या हाती जाता कामा नये.

जुन्या फाइलींसाठी रचना बदलणे आणि वागणूक बदलणे या दोन गोष्टी एकाच वेळी करू नका. आधी जुने फंक्शन आहे तसे ठेवून एक छोटा प्रोग्रॅम लिहा, जो फाइल वाचून स्ट्रक्चरमधील प्रत्येक फील्डचे नाव आणि किंमत छापतो. ग्राहकांच्या जेवढ्या फाइली मिळतील तेवढ्या त्याच्यातून काढून निकाल जपून ठेवा. मग अटी उलटवा, फंक्शने वेगळी करा, आणि प्रत्येक बदलानंतर नवा निकाल जुन्याशी डिफ या फरक दाखवणाऱ्या साधनाने ताडून पाहा. एकही ओळ वेगळी येता कामा नये. अनोळखी सेक्शनची दुरुस्तीही या टप्प्यात करू नका, कारण ती वागणूक बदलते. तिच्यासाठी वेगळा कमिट (बदलाची नोंद) करा आणि त्या वेळी डिफमध्ये नेमका तोच फरक दिसतो ना हे पाहा.

त्यानंतर तक्रारी. पहिल्या आवृत्तीत पार्सरने फक्त इशारा नोंदवावा, ओळ क्रमांक आणि कीसह, आणि पूर्वीप्रमाणेच पुढे जावे. हे इशारे अहवालातून तुमच्याकडे येत असतील तर कोणाच्या फाइलीत काय चुकले आहे हे घरबसल्या कळेल आणि त्या दुरुस्त करून घेता येतील. अडून बसण्याची वागणूक त्यानंतरच्या आवृत्तीत आणा, आणि तीही अशी की कॉन्फिगरेशन नाकारले गेले तरी यंत्र शेवटच्या चांगल्या कॉन्फिगरेशनवर नोंदी घेत राहील.

सेक्शनच्या इनमवर स्विच वापरणार असाल तर त्यात डीफॉल्ट लिहू नका. डीफॉल्ट नसला की उद्या नवा सेक्शन इनममध्ये घालून स्विचमध्ये विसरलात तर जीसीसी हा कंपाइलर "वॉल" (-Wall) या पर्यायावर इशारा देतो. डीफॉल्ट लिहिला की तो इशारा गप्प होतो.

उत्तर : सीताबर्डी_बिट्स

अजून दोन ठिकाणे तपासून घ्या, कारण कोड सपाट करताना ती हाताखालून जाणारच आहेत.

ओळ वाचायला सी चे एफगेट्स हे फंक्शन असेल तर बफरपेक्षा लांब ओळ तुकड्यांत येते आणि दुसरा तुकडा नवी ओळ असल्यासारखा वाचला जातो. लांब टिप्पणीचा उरलेला भाग # ने सुरू होत नाही, त्यामुळे तो थेट = शोधणाऱ्या कोडकडे जातो. वाचलेल्या मजकुराच्या शेवटी नवी ओळ नसेल आणि फाइलही संपली नसेल, तर ओळ लांब आहे असे समजून उरलेला भाग वाचून टाकून द्या.

दुसरे, फाइलीत मराठी टिप्पण्या किंवा मराठीत लिहिलेली खोलीची नावे असतील तर इजस्पेसला (अक्षर ही मोकळी जागा आहे का हे सांगणाऱ्या फंक्शनला) कॅरॅक्टर तसाच देऊ नका. यूटीएफ ८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पहिला बाइट २२४ असतो. जिथे कॅरॅक्टर चिन्हासहित (उणे किंमतही धरणारा) असतो तिथे हा बाइट उणे ३२ होतो, आणि असा आकडा इजस्पेसला दिल्यास काय होईल याची हमी सी चे मानक देत नाही. एआरएमवरील लिनक्समध्ये कॅरॅक्टर चिन्हरहित असतो, त्यामुळे यंत्रावर हा दोष दिसणार नाही. तुम्ही डिफची चाचणी ऑफिसातल्या इंटेल संगणकावर चालवाल तेव्हा मात्र तो समोर येऊ शकतो. इजस्पेसला देण्याआधी अनसाइन्ड कॅरमध्ये (चिन्हरहित प्रकारात) कास्ट करा, म्हणजे बदलून घ्या. आणि ग्राहकाने फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन केली असेल तर सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट येऊ शकतात, ते वगळले नाहीत तर पहिल्या ओळीचे पहिले अक्षर [ निघत नाही आणि फाइलीतला पहिलाच सेक्शन हरवतो.